बायपासनंतर बंद होत गेलेली श्वासनलिका: छातीत उतरलेल्या गलगंडाचं एक प्रकरण

बायपासनंतर रुग्णाला धाप लागली की आयसीयूत सगळ्यांचं लक्ष आधी हृदयाकडे जातं. त्यात चूक काही नाही. हृदयाचा जोर कमी पडणं, फुप्फुसात पाणी होणं, हृदयाभोवती रक्त साचणं हीच कारणं जास्त वेळा सापडतात. पण रुग्णाच्या गळ्याला जुना गलगंड, म्हणजे थायरॉईड ग्रंथीची वाढलेली गाठ, असेल तर विचाराचा क्रम बदलावा लागतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच बदललेला असावा लागतो. हृदयशस्त्रक्रियेला भूल देणाऱ्यांनी, आयसीयूतल्या सिस्टरांनी आणि गलगंड असलेल्या माणसाला बायपाससाठी घेऊन जाणाऱ्या घरच्यांनी हे प्रकरण वाचावं, अशी माझी इच्छा आहे. ते कुणा एका रुग्णाचं टिपण नाही. अशा रुग्णांत जे घडतं, ते शिकवण्यासाठी एका बाईच्या आजारात गुंफून मांडलं आहे.

रुग्ण

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या 62 वर्षांच्या बाई. शेतीकाम आयुष्यभर केलेलं. दोन महिन्यांपासून चालताना छातीत दाटून यायचं. ॲन्जिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, शिवाय डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीतही मोठा अडथळा. हृदयाची पंपिंग 50 टक्के. महात्मा फुले योजनेत मंजुरी आली आणि त्या दाखल झाल्या.

गळ्याला गाठ लग्नाच्या आधीपासूनची. गावात तशा गाठी अनेकींना, म्हणून ती कुणी आजार मानलीच नव्हती. दुखत नव्हती, गिळायला फारसा त्रास नव्हता. चार वर्षांपासून "दम्याचा" पंप चालू होता, पण त्याने कधी बरं वाटलं का, असं विचारल्यावर बाईंनी मान हलवली. थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच नेहमीच्या मर्यादेच्या किंचित खाली, टी४ ठीक.

भूलपूर्व तपासणीत तोंड नीट उघडत होतं, मान मागे जात होती, दात मजबूत होते. भुलेसाठी श्वासाची नळी टाकायला अवघड जाईल असं काही दिसत नव्हतं. सगळ्यात मोलाची माहिती मुलाने दिली, तीही निघता निघता. "साहेब, आई उताणी झोपतच नाही. उजव्या कुशीवरच झोपते, कित्येक वर्षं झाली. उताणी झाली की घशातून आवाज येतो."

हृदयाचा रुग्ण आडवा झोपू शकत नाही म्हटलं की डॉक्टरांच्या मनात लगेच फुप्फुसातलं पाणी येतं. पण पाण्याने सहसा घशातून असा आवाज येत नाही. उताणं झोपल्यावर घशातून आवाज येणं आणि एका कुशीवर बरं वाटणं, ही जड वस्तू श्वासनलिकेवर रेलत असल्याची खूण असू शकते. गाठ डाव्या बाजूला मोठी असेल तर ती उताणं झोपल्यावर श्वासनलिकेवर येते.

छातीच्या एक्स-रेमध्ये तेच दिसत होतं. श्वासनलिकेची काळी पट्टी गळ्याच्या तळाशी उजवीकडे वळलेली, छातीच्या वरच्या भागात डावीकडे एक रुंद सावली. बायपासच्या आधीचा एक्स-रे बहुतेक वेळा हृदयाचा आकार आणि फुप्फुसं बघायला काढलेला असतो, आणि बघणाऱ्याची नजर फिल्मच्या खालच्या दोन तृतीयांशात फिरते. वरची दोन बोटं जागा रिकामी म्हणून सुटते.

शस्त्रक्रियेआधीचा निर्णय

छातीत उतरलेला गलगंड तपासायची एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. रुग्णाला दोन्ही हात डोक्याच्या वर, कानाला लागतील असे धरायला सांगायचे आणि मिनिटभर थांबायचं. गाठ छातीच्या वरच्या तोंडात बसलेली असेल तर हात वर गेल्यावर ती जागा आणखी अरुंद होते. चेहरा लालसर-काळसर होतो, मानेच्या शिरा फुगतात, श्वास लागतो. ह्यू पेंबर्टन यांनी 1946 मध्ये ही खूण नोंदवली. या बाईंचा चेहरा अर्ध्या मिनिटात भरून आला. हात खाली घेतल्यावर उतरला.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोरात फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीत, श्वास आत घेण्याच्या आणि सोडण्याच्या दोन्ही रेषा सपाट झालेल्या दिसल्या तर अडथळा मुख्य श्वासनलिकेत आहे हे कळतं. पण डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असलेल्या रुग्णाला जोर लावून फुंकायला सांगणं मला पटत नाही, आणि ती तपासणी इथे टाळली गेली हे योग्यच. मान आणि छातीचा साधा सीटी मात्र व्हायला हवा. त्यात रंगद्रव्याची गरज नसते, चार-पाच मिनिटांचं काम असतं, आणि श्वासनलिका कुठे किती अरुंद आहे ते मिलिमीटरमध्ये समजतं. या बाईंना आदल्या रात्री छातीत पुन्हा दुखलं, ईसीजी बदलला आणि शस्त्रक्रिया सकाळी पहिली घेतली गेली. सीटी राहिला. हृदयाच्या बाजूने बघितलं तर घाई रास्त होती.

गलगंड त्याच बैठकीत काढावा का, हा प्रश्न अशा वेळी हमखास निघतो. दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र झालेल्या आहेत आणि त्या नोंदवल्याही गेल्या आहेत. माझं मत सावध आहे. हार्ट-लंग मशीनवर जाण्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे 300 ते 400 युनिट हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यावं लागतं. त्या अवस्थेत गळ्यात मोठी कच्ची जखम ठेवणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. शिवाय गळ्याची आणि छातीची जखम एकमेकींना मिळाली तर छातीच्या हाडात जंतुसंसर्ग उतरायची भीती असते. हृदयाची शस्त्रक्रिया लांबवता येत नसेल आणि श्वास सध्या चालू असेल, तर आधी बायपास, मग गलगंड. मात्र हा क्रम निवडला की मधल्या दिवसांची जबाबदारी आपल्यावर येते. नळी कधी, कुठे, कोण हजर असताना काढायची, हे आदल्या दिवशीच कागदावर लिहिलेलं हवं.

शस्त्रक्रिया

नळी सहज गेली. 7 नंबरची नळी स्वरयंत्रातून उतरली, तीन-चार सेंटिमीटर खाली हाताला किंचित अडल्यासारखं लागलं, हलकं फिरवल्यावर पुढे सरकली. सर्जननी छातीचं हाड कापलं तेव्हा वरच्या टोकाशी, डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेला ताणत, गाठीचा खालचा भाग दिसला. तीन ग्राफ्ट (अडथळ्यापलीकडे जोडलेल्या नव्या रक्तवाहिन्या) झाले, मशीनवरचा वेळ 95 मिनिटं, हाड तारांनी बंद. दिवसअखेर शरीरात सुमारे अडीच लिटर पाणी जास्तीचं.

नळी सहज गेली म्हणून ती काढणंही सुरक्षित, असा निष्कर्ष काढला जातो आणि तो धोक्याचा असतो. नळी आत असेपर्यंत श्वासनलिकेला आतून टेकू असतो. टेकू काढल्यावर भिंत किती आत येईल, हे नळी टाकतानाच्या सहजतेवरून कळत नाही.

नळीभोवतीच्या फुग्याची (कफची) हवा काढून गळती बघण्याची चाचणीही इथे अर्धंच सांगते. नळीच्या भोवतीने 110 मिलिपेक्षा कमी हवा निसटत असेल तर स्वरयंत्राला सूज असण्याची शक्यता जास्त, असं धरलं जातं. या बाईंची गळती भरपूर होती. त्यावरून स्वरयंत्राजवळ जागा आहे एवढंच कळलं. खाली, जिथे गाठ दाबते आहे, तिथे नळी नसताना काय होईल याचं उत्तर त्या चाचणीत नाही.

दुसरा दिवस

सकाळी बाई शुद्धीत होत्या, रक्तदाब स्थिर, रक्तातले वायू उत्तम. नळी निघाली. पहिला तास छान गेला. त्या बोलल्या, पाणी मागितलं. छातीचे टाके ताणू नयेत म्हणून त्यांना उताणं, डोकं थोडंसं वर, असं ठेवलं होतं.

दोन तासांनी सिस्टरांनी आवाज ऐकला. श्वास आत घेताना कर्कश, सोडताना थोडा मऊ, पण दोन्ही वेळा. नाडी 128, वरचा रक्तदाब 180, कपाळावर घाम, मानेचे स्नायू ताणलेले. मॉनिटरवर ऑक्सिजन 97 टक्के.

हा आकडा फसवतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना श्वास निम्मा झाला तरी रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकतो. आधी वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात तो 58 होता आणि पीएच 7.25. म्हणजे बाई दमत चालल्या होत्या आणि मॉनिटर शांत होता.

नेब्युलायझरने दम्याचं औषध, सालब्युटामॉल, दिलं, फरक नाही. फुप्फुसात पाणी म्हणावं तर छातीत खरखर नव्हती आणि एक्स-रेत फुप्फुसं स्वच्छ. खाटेवरच इको केला, हृदयाभोवती रक्त नव्हतं, पंपिंग पूर्वीइतकंच. मग स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवला. आवाज तिथे सगळ्यात मोठा होता, छातीकडे यावं तसा कमी. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुमचं नाव सांगा बरं." बाईंनी दोन श्वासांत नाव सांगितलं. शब्द तुटके होते, पण स्वर खणखणीत होता, घोगरा नव्हता. एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला असता तर आवाज बसला असता. अडथळा बहुधा स्वरतंतूंच्या खाली होता.

सोनोग्राफीचा प्रोब गळ्यावर ठेवल्यावर डाव्या गाठीत एक ताजा काळा डाग दिसला, गाठीच्या आतच थोडा रक्तस्राव. हेपरिन मिळालेल्या जुन्या, पोकळ्या झालेल्या गाठीत असं होऊ शकतं. त्यात मशीनमुळे येणारी सर्वांगाची सूज, जास्तीचं पाणी, शिरांतला तुंबलेला रक्तप्रवाह आणि हाड बंद झाल्यावर छातीच्या तोंडाशी उरलेली मोजकी जागा. एकेकटं कुठलंच कारण मोठं नव्हतं.

मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण 15 ते 20 मिलिमीटर रुंद असते. प्रवाह सरळ असेल तर त्रिज्या कमी होईल तसा नळीचा रोध तिच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. 16 मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली, तर रोध सुमारे 1.7 पट होतो आणि माणसाला कदाचित जाणवणारही नाही. तीच 1 मिलिमीटर सूज 8 मिलिमीटरवर आलेल्या नळीत आली, तर रोध तिपटीच्या वर जातो. व्यास 8 मिलिमीटरच्या खाली गेला की चालताना धाप लागते, 5 च्या आसपास आला की बसल्या जागी आवाज येतो, असा ढोबळ अंदाज आम्ही धरतो. या बाई कित्येक वर्षं त्या काठावर राहत होत्या. उजव्या कुशीवर झोपून, हळू चालून त्यांनी स्वतःच तोल सांभाळला होता. शस्त्रक्रियेने तो एक-दोन मिलिमीटरनी ढळला.

सुटका

पहिली गोष्ट औषध नव्हती. बाईंना उठवून बसवलं, उशी छातीशी धरायला दिली आणि उजवीकडे किंचित झुकवलं. आवाज लगेच उतरला. मुलाने सांगितलेलं वाक्य केसपेपरवर लिहिलेलं होतं म्हणून हे मिनिटभरात सुचलं.

सूज उतरवणारं डेक्सामेथासोन 8 मिलिग्रॅम शिरेतून दिलं. त्याला काम करायला काही तास लागतात, म्हणून ते लवकर द्यायचं आणि त्यावर विसंबायचं नाही. नेब्युलायझरमधून ॲड्रेनलिन दिलं. एरवी 5 मिलिग्रॅम देतात, इथे कालच्याच ग्राफ्टवर नाडी उधळू नये म्हणून 2 मिलिग्रॅमने सुरुवात केली, ईसीजीवर नजर ठेवून. मास्कने सततचा दाब दिला. दाबाची हवा श्वासनलिका आतून उघडी ठेवते आणि वेळ मिळवून देते. हीलियम-ऑक्सिजनचं मिश्रण अशा वेळी फार उपयोगी पडतं, पण आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत ते हाताशी नसतं.

मिळालेला वेळ नळी पुन्हा टाकण्यासाठी वापरला, आणि ती आयसीयूत न टाकता ऑपरेशन थिएटरमध्ये. अशा रुग्णाला झोपेचं आणि स्नायू शिथिल करणारं औषध देणं ही सगळ्यात मोठी जोखीम असते. स्नायूंचा ताण गेला की गाठ पूर्ण भाराने श्वासनलिकेवर बसते आणि मग मास्कनेही हवा जात नाही. गळ्यात छेद देऊन वाट काढण्याचा शेवटचा उपायही इथे लंगडा. वर गाठ, आणि अडथळा छेदाच्या खाली. म्हणून बाई जाग्या, बसलेल्या, स्वतः श्वास घेत असताना फायबर-ऑप्टिक स्कोपवरून नळी टाकायची ठरली. कान-नाक-घसा सर्जन कडक ब्रॉन्कोस्कोप घेऊन उभे. हार्ट-लंग मशीन चालवणारे पर्फ्युजनिस्ट मशीन भरून तयार, मांडीच्या दोन्ही वाहिन्यांत बारीक तारा आधीच घातलेल्या, म्हणजे वेळ आलीच तर मशीनवर घेता येईल.

घसा लिग्नोकेनने बधिर केला. नाकातून जाणं टाळलं, रक्त पातळ होतं. सिस्टर बाईंचा हात धरून समोर बसल्या होत्या आणि प्रत्येक पायरी आधी सांगत होत्या: "मावशी, आता घशात खवखवेल. हळू श्वास घ्या. नाकाने. छान."

स्कोपमध्ये स्वरतंतू दिसले, दोन्ही सारखे हलणारे. त्यांच्या खाली तीनेक सेंटिमीटरवर श्वासनलिका गोल राहिलेली नव्हती. दोन्ही बाजूंनी दाबलेली उभी फट, अस्तर लाल आणि ओलसर, आणि श्वासागणिक फट किंचित उघडत-मिटत होती. स्कोप त्यातून गेला आणि पलीकडे श्वासनलिका पुन्हा रुंद, दोन फुप्फुसांच्या फाट्यापर्यंत मोकळी. मग 6 नंबरची, तारेची गुंडाळी असलेली, न दबणारी नळी स्कोपवरून सरकवून तिचं टोक फटीच्या पलीकडे ठेवलं. टोक फटीच्या अलीकडे राहिलं तर नळी टाकून उपयोग शून्य. कार्बन डायऑक्साइडची रेषा मॉनिटरवर आल्यावरच झोपेचं औषध दिलं.

मधले दिवस

साध्या सीटीत गाठ डाव्या बाजूने महाधमनीच्या कमानीपर्यंत उतरलेली होती.

तिसऱ्या दिवशी नाडी बेताल झाली, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयशस्त्रक्रियेनंतर हे खूप जणांना होतं आणि हात सवयीने ताल आवरणाऱ्या अमिओडॅरोनकडे जातो. या औषधाच्या वजनातला 37 टक्के भाग आयोडीन असतो. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम, ज्यातलं 6-7 मिलिग्रॅम शरीरात मोकळं होतं. मोठ्या माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम. आयोडीनच्या टंचाईत वाढलेल्या जुन्या गाठीतले काही भाग मेंदूच्या हुकमाबाहेर, आपल्या मर्जीने संप्रेरक तयार करत असतात. त्यांना एकदम भरपूर आयोडीन मिळालं तर थायरॉईड उसळतो. या बाईंना ॲन्जिओग्राफीच्या रंगद्रव्यातून आयोडीनचा मोठा साठा आधीच मिळाला होता, आणि टीएसएच सुरुवातीपासून खालचा होता. म्हणून टी३-टी४ तपासायला पाठवून बीटा-ब्लॉकरने नाडी आवरली. ती दुसऱ्या दिवशी तालावर आली.

इथे आयोडीनयुक्त मिठाबद्दल बोललं पाहिजे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन मिसळून गलगंड कमी होतो हे दाखवलं. 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1992 मध्ये त्याचं नाव आणि व्याप्ती आयोडीन कमतरतेच्या सगळ्या विकारांपर्यंत वाढली. आज शाळेत जाणाऱ्या मुलींच्या गळ्यात त्या गाठी क्वचित दिसतात, आणि हे सार्वजनिक आरोग्याचं फार मोठं यश आहे. पण त्याआधी वाढलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे, नेमकी बायपासच्या वयात. त्यांच्या जुन्या गाठी मिठाने विरघळत नाहीत.

गलगंड काढला

गळ्यातून श्वासनलिकेला छेद देऊन ट्रॅकिऑस्टॉमी का नाही केली, असं नातेवाइकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ताज्या कापलेल्या छातीच्या हाडाच्या अगदी वर सतत स्राव येणारी जखम म्हणजे संसर्गाची वाट, आणि मुळातलं दडपण तसंच राहिलं असतं. नळीवर ठेवून, पाणी उतरवून, पाचव्या दिवशी गलगंड काढायचं ठरलं. ॲस्पिरिन चालू ठेवलं, ग्राफ्टसाठी ते हवंच होतं.

छातीत उतरलेले बहुतेक गलगंड गळ्यातूनच निघतात, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या गळ्यातूनच येतात. त्या आधी बांधल्या की सर्जन बोटाने गाठ मोकळी करत वर घेतात. इथे छातीच्या तारा ताज्या होत्या, हाड पुन्हा उघडावं लागू नये अशी सगळ्यांची धडपड होती. छेद नेहमीपेक्षा थोडा वर घेतला, छातीच्या जखमेशी जुळू नये म्हणून. हृदय सर्जन हात धुऊन उभे होते. गाठ गळ्यातूनच आली, संपूर्ण थायरॉईड निघालं. स्वरतंतूंच्या दोन्ही नसा शाबूत, दोन पॅराथायरॉईड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) नीट दिसल्या आणि जपल्या गेल्या. श्वासनलिकेच्या कड्या बोटाला घट्ट लागल्या. वर्षानुवर्षांच्या दाबाने त्या कधी कधी मऊ पडतात आणि गाठ निघाल्यावर भिंतच आत बसते. म्हणून नळी दुसऱ्या दिवशी पुन्हा थिएटरमध्येच काढली. स्कोप आत ठेवून नळी हळूहळू मागे घेतली, फटीची जागा उघडी राहते हे डोळ्यांनी पाहिलं, आणि बारीक पोकळ कॅथेटर तासभर आत राहू दिला. लागला असता तर त्यावरून नळी परत सरकवता आली असती. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या, कॅल्शियम 7.6, म्हणजे कमी. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल सुरू झालं. पॅथॉलॉजीत साधा बहुगाठी गलगंड, आत रक्तस्राव, कर्करोग नाही.

थायरॉईडचं संप्रेरक, थायरॉक्सिन, 25 मायक्रोग्रॅमने सुरू केलं. थायरॉईड पूर्ण काढलेल्या रुग्णाला त्याहून बरंच जास्त लागतं, पण नवे ग्राफ्ट असलेल्या हृदयावर एकदम पूर्ण मात्रा टाकायची नसते. दर काही आठवड्यांनी टीएसएच बघत मात्रा चढवायची. दम्याचा पंप बंद केला. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या: थायरॉईड पूर्ण काढलेलं आहे, थायरॉक्सिन आयुष्यभर चालू, पुढे कधीही भूल द्यायची झाल्यास श्वासनलिका आधी अरुंद होती, 6 नंबरची नळी स्कोपवरून टाकली होती, हे भूलतज्ज्ञांना दाखवावं. मुलाने कार्डाचा फोटो मोबाइलवर काढून बहिणीलाही पाठवला, कारण पुढच्या तपासणीला आईला तीच घेऊन येणार होती.